फेज-अर्थ ११८ व्होल्ट: मीटर खराब की अर्थिंग?

वरणफोडणी
जुनी इमारत, दुसरा मजला. अनवाणी असताना फ्रिजच्या दाराला हात लागला की मुंग्या येतात. स्वयंपाकघरातल्या थ्री-पिन सॉकेटवर डिजिटल मल्टीमीटरने ७५० व्होल्ट एसी रेंजवर मोजलं:
फेज-न्यूट्रल २३४
फेज-अर्थ ११८
न्यूट्रल-अर्थ ११०
टेस्टर फेजवर लख्ख पेटतो, अर्थच्या भोकात अगदी मंद. मीटर स्वस्तातला आहे, म्हणून आधी त्याच्यावरच संशय आहे. सॉकेटमध्ये प्रोब घालताना काय जपायचं तेही सांगा.

तीनफेज
मीटर बरोबर सांगतोय. तुमचं अर्थिंग कुठेतरी तुटलंय.

फ्रिज, कॉम्प्युटर, टीव्ही, चार्जर यांच्या आत फिल्टरचे छोटे कपॅसिटर असतात, एक फेजकडून बॉडीकडे आणि एक न्यूट्रलकडून बॉडीकडे. अर्थ जमिनीला पोचली असेल तर तो किरकोळ करंट तिकडे निघून जातो. पोचलेली नसेल तर दोन कपॅसिटरच्या मधोमध, म्हणजे अर्ध्या व्होल्टेजवर, सगळ्या बॉड्या लटकतात. तुमचे ११८ आणि ११० तेच आहेत. खात्री करायची असेल तर घरातले एकेक प्लग काढत पुन्हा मोजा. आकडा हलत राहिला तर अर्थ तरंगतेय हे नक्की. चांगल्या अर्थिंगवर प्लग काढा नाहीतर लावा, फेज-अर्थ जागचं हलत नाही.

आता प्रोबचं. काळी कॉममध्ये, लाल व्होल्ट-ओहमच्या भोकात. लाल वायर १० अँपिअरच्या भोकात राहिली आणि तशीच सॉकेटला लावली तर तो सरळ शॉर्ट सर्किट आहे. स्वस्त मीटरवर त्या भोकाशी बहुतेक ‘अनफ्यूज्ड’ लिहिलेलं असतं, म्हणजे मध्ये फ्यूजही नाही, प्रोबचं टोक वितळून डोळ्यांवर उडतं. डायल नागमोडी रेघेच्या व्होल्टवर, रेंज सर्वात मोठी. ओहम किंवा बझरवर असताना चालू लाइनला टेकवू नका.

मीटरवर ‘कॅट टू’ किंवा ‘कॅट थ्री’ (मीटरचा सुरक्षा दर्जा) आणि पुढे ३०० किंवा ६०० व्होल्ट छापलेलं बघा. सॉकेटसाठी कॅट टू ३०० चालतं, डीबीसाठी (घरातला एमसीबींचा मुख्य बोर्ड) कॅट थ्री हवं. छापलेलं असूनही आत काचेचा २५० व्होल्टचा फ्यूज निघाला तर ती छपाई बिनकामाची. काळी प्रोब आधी लावा, लाल नंतर. काढताना लाल आधी. बोटं प्रोबच्या कडेच्या मागे, पायात रबरी चप्पल. सॉकेटला शटर असेल तर अर्थच्या भोकात स्क्रूड्रायव्हर खुपसून ते उघडू नका. बिनशटरच्या थ्री-पिन एक्स्टेंशनवर मोजा, मात्र त्याची अर्थ वायर आतून जोडलेली आहे ना ते आधी बघा.

चोक_पट्टी
एवढं कशाला? १०० वॅटचा टेस्ट लॅम्प फेज आणि अर्थमध्ये लावा. पूर्ण पेटला तर अर्थिंग चांगलं, नाही तर गेलं. मीटर फसवतो, बल्ब फसवत नाही.

तीनफेज
@चोक_पट्टी, इथे हे करू नका. अर्थ तुटलेली असताना बल्ब लावला की त्याच्या फिलामेंटमधून फेज थेट घरातल्या अर्थच्या तारेवर चढतो. फ्रिज, वॉशिंग मशीन, गीझर, सगळ्यांच्या बॉडीवर एकदम २३० व्होल्ट. कपॅसिटरमधून येणारा करंट मुंग्यांपुरता असतो, बल्बमधून ०.४ अँपिअरपर्यंत येऊ शकतो. त्यात माणूस जातो. आणि अर्थिंग चांगलं असलं तरी आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) असेल तर तो ३० मिलीअँपिअरवर ट्रिप होणार, म्हणजे बल्ब पेटलेला दिसणारच नाही.

काळीवायर
तुटलंय कुठे हे लाइन बंद करून शोधा. डबल-पोल मेन आयसोलेटर (फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारा मुख्य स्विच) बंद, नुसता एमसीबी नको, तो फक्त फेज तोडतो. सगळे प्लग काढा. मग मीटर आधी चालू असलेल्या लाइनवर तपासा (शेजारचा पॉइंट किंवा जिन्यातला), मग इथे फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ शून्य बघा, मग पुन्हा चालू लाइनवर. मधेच मीटरची बॅटरी गेली तरीही शून्यच दिसतं, म्हणून हा द्राविडी प्राणायाम.

नंतर डीबीतल्या अर्थ लिंकपासून (सगळ्या अर्थ वायर जिथे एकत्र येतात ती पट्टी) सॉकेटच्या अर्थपर्यंत एक लांब वायर घेऊन रेझिस्टन्स मोजा. वायर आणि प्रोबचा स्वतःचा आकडा वजा करा. एक ओहमच्या आत हवा. तेवढा आला तर तुटलेलं डीबीच्या पलीकडे आहे.

वरणफोडणी
सॉकेट ते डीबी ०.४ ओहम. लिंकमधून बाहेर जाणारी जीआय (जस्त चढवलेली लोखंडी) तार भिंतीत गेलीय, पुढे दिसत नाही. ओळखीचा वायरमन म्हणतो, सॉकेटमध्ये न्यूट्रल-अर्थला लूप मारतो (दोन्ही तारेने जोडतो), मुंग्या थांबतील.

काळीवायर
मुंग्या थांबतील, पण तो लूप मारू देऊ नका. उद्या न्यूट्रल सैल होऊन तुटला तर उपकरणातून आलेला फेज सरळ बॉडीवर. आरसीसीबी असेल तर तोही उगाच ट्रिप होत राहील.

घरात असा लूप आधीच कुणी मारलाय का तेही बघता येतं. त्याच बोर्डावर १००० वॅटची इस्त्री चालू करून न्यूट्रल-अर्थ छोट्या एसी रेंजवर मोजा (७५० वर दशांश दिसत नाही). चांगल्या अर्थिंगवर न्यूट्रलच्या तारेत अर्धा-एक व्होल्ट पडतो, आकडा तेवढा वर सरकतो. लोडवरही ०.० चिकटून राहिला तर सॉकेट उघडून बघा (लाइन बंद करून).

तीनफेज
जीआय तार बहुतेक खाली अर्थ पिटच्या (अर्थ जमिनीला जोडतात तो खड्डा) क्लॅम्पशी गंजलेली असते. परवानाधारक वायरमन बोलवा आणि अर्थ टेस्टरने पिट मोजायला सांगा, ते काम मल्टीमीटरचं नाही. एका फ्लॅटची तुटली असेल तर शेजाऱ्यांच्याही बघा, पिट बहुतेक सगळ्या इमारतीचा एकच असतो. दुरुस्तीपर्यंत गीझर आणि वॉशिंग मशीन बंद ठेवा. ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी नसेल तर आजच बसवा. अर्थ नसतानाही तो ट्रिप होतो, फक्त कुणाचा तरी हात लागल्यावर.