आरोग्याचा पाठ गोष्टीतून द्यावा का?

खडूफळा (धागाकर्ती):
मी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीचा वर्ग घेते. दर पावसाळ्यात आमची डेंग्यूविरोधी प्रभातफेरी निघते आणि मुले ‘आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा’ असे घसा फोडून ओरडतात. यंदा परतल्यावर कोरडा दिवस म्हणजे काय असे विचारले, तेव्हा एकाने ‘त्या दिवशी अंघोळ करायची नाही’ असे उत्तर दिले. म्हणून मी एडूताई नावाच्या डासाच्या मादीची गोष्ट रचली. ती रांजणात पाण्याच्या रेषेच्या जरा वर अंडी चिकटवते आणि घरचे लोक नुसते पाणी ओतून देतात तेव्हा खुशाल हसते, कारण कोरडी पडलेली अंडी कित्येक महिने तग धरतात आणि पुन्हा पाणी लागताच फुटतात. शेवटी आजी काथ्या घेऊन रांजण आतून खसाखसा घासते, तेव्हा तिचे हसू मावळते. पुढच्या आठवड्यात तीन मुलांनी घरचा रांजण घासल्याचे सांगितले. लहान वर्गांत गोष्ट हेच मुख्य साधन असावे, तक्ते आणि घोषणा मागाहून, असे माझे मत आहे.

रोखठोक:
असहमत. ‘देवीचा कोप’ हीसुद्धा गोष्टच होती, आणि ती इतकी मुरलेली होती की अनेक घरांत लस टोचणाऱ्याला उंबऱ्याच्या आत घेत नसत. १९७५ नंतर भारतात देवीचा रुग्ण आढळला नाही, तो लसीमुळे आणि घरोघर केलेल्या शोधामुळे. माझ्या मुलाच्या शाळेतील नाटुकल्यात डासांचा राजा गटारात राहत होता, म्हणून चिरंजीव संध्याकाळी खिडक्या लावत बसले. साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढणाऱ्या आणि दिवसा चावणाऱ्या डेंग्यूच्या डासाच्या अळ्या मात्र आमच्याच गॅलरीत, कुंडीखालच्या बशीत निघाल्या. त्या बाटलीत घालून तोंडाला फडके बांधले आणि पाचव्या दिवशी आत डास उडताना दिसल्यावर त्याला वेगळे काही सांगावे लागले नाही.

ओसरीवरून:
अशा बहुतेक गोष्टींत हात न धुणारा मुलगाच आजारी पडतो. वर्गात जो नुकताच काविळीतून उठला आहे, त्याने ती कशी ऐकायची? नळाला चार दिवसांआड पाणी येते तिथे रांजण भरून ठेवणे हा आळस नव्हे. गाडगेबाबा आधी गाव झाडत आणि रात्री कीर्तन करत; शाळेच्याच टाकीला झाकण नसेल, तर एडूताई कोणत्या तोंडाने सांगायची?

खडूफळा:
रोखठोक, देवीच्या गोष्टीत माहिती चुकीची होती. आणि गटार आपल्या मुलाच्या इतके पक्के डोक्यात बसले, यावरून गोष्टीचे बळ दिसतेच. बाटलीची कल्पना उचलते. ओसरीवरून, एडूताईच्या गोष्टीत कोणीही आजारी पडत नाही, पण आमच्या टाकीचे झाकण खरेच फुटलेले आहे. सोमवारी आधी त्यावर जाळी बांधून घेते.

रोखठोक:
डोक्यात बसते, हीच तर माझी भीती आहे. आपण नेमके सांगता, पण तोंडोतोंडी जाताना रांजणाचे गटार व्हायला वेळ लागत नाही. महिन्याभराने एडूताईने अंडी कुठे घातली होती, हे वर्गाला पुन्हा विचारा आणि मिळतील ती उत्तरे जशीच्या तशी इथे लिहा.