रिपीट प्रिस्क्रिप्शन : सर्जरी ते फार्मसी, तुमचे अनुभव (यूके)

मंडळी, यूकेत नव्याने आलेल्यांना रोजच्या गोळ्या जेवढ्या चक्रावून टाकतात तेवढं दुसरं काहीच टाकत नसेल. पुण्यात संपलेली स्ट्रिप पुढे केली की कोपऱ्यावरचा मेडिकलवाला "तीच देऊ ना?" म्हणत खाकी पाकिटात घालून देतो. इथे रक्तदाबाची साधी ॲम्लोडिपिनसुद्धा प्रिस्क्रिप्शनशिवाय हातात पडत नाही. मागणी सर्जरीकडे (म्हणजे डॉक्टरांच्या दवाखान्याकडे), गोळ्या फार्मसीत, आणि काही अडलं की दोघांचं एकमेकांकडे बोट. तुमच्याकडे हे कसं चालतं, काय युक्त्या सापडल्या, लिहा. अमुक गोळी घ्या असले सल्ले मात्र नकोत.

लेस्टरकर

आमच्या सर्जरीने फोनवर रिपीट (नेहमीच्या औषधांची पुन्हा मागणी) घेणं कधीच बंद केलंय. फोन लावला की आधी त्याचीच टेप ऐकू येते. मी एनएचएसच्या, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, ॲपवरून मागवतो. हव्या त्या औषधांवर खूण करायची, फार्मसी बरोबर आहे ना बघायचं, पाठवायचं. सासरे मात्र स्मार्टफोनला हात लावत नाहीत. प्रिस्क्रिप्शनच्या उजव्या बाजूला औषधांची यादी असते, तिच्यावर ते बॉलपेनने टिक करतात आणि सर्जरीच्या दाराजवळच्या पेटीत टाकून येतात. त्यांच्या गोळ्या माझ्याआधी येतात, हे ते दर महिन्याला ऐकवतात. सर्जरीत फॉर्म भरून दिला तर घरच्या माणसाला त्यांच्या वतीने ॲपवरून मागवता येतं. पण तो फॉर्म भरायला ते तयार नाहीत.

डबी_आणि_लेबल

मी एका फार्मसीत डिस्पेन्सर, म्हणजे औषधं काढून तयार करणारी, आहे, म्हणून काउंटरच्या आतून सांगते.

"सर्जरी म्हणते पाठवलं, तुम्ही म्हणता आलं नाही" हे वाक्य आम्ही रोज ऐकतो, आणि बरेचदा दोघंही खरं बोलत असतात. तुम्ही मागणी केली की ती आधी सर्जरीत थांबते. बहुतेक ठिकाणी कामाचे दोन दिवस धरतात, शनिवार-रविवार त्यात नाहीत. डॉक्टरांची इलेक्ट्रॉनिक सही झाली की प्रिस्क्रिप्शन एनएचएसच्या मध्यवर्ती यंत्रणेत जातं आणि तुम्ही नोंदवलेली फार्मसी तिथून ते उतरवून घेते. त्यानंतर आमचं काम सुरू: साठा बघणं, नसेल तर मागवणं, लेबल, फार्मसिस्टची तपासणी, पिशवी, फळी. म्हणजे ॲपवर 'मंजूर' दिसलं त्याच दुपारी येऊन उपयोग नसतो.

घर बदललेल्यांची गंमत वेगळीच. नोंदवलेली फार्मसी जुन्या गावातलीच राहते आणि गोळ्या तिकडे तयार होऊन बसतात. कधी चारपैकी तीनच औषधं येतात, कारण चौथ्याचा रिव्ह्यू (डॉक्टरांनी करायचा फेरआढावा) बाकी असतो आणि डॉक्टरांनी ते थांबवलेलं असतं. हे आम्हाला दिसत नाही, सर्जरीलाच विचारावं लागतं.

आपल्या लोकांची खास अडचण नावाची. पासपोर्टवर बाईच्या नावाला जोडून नवऱ्याचं नाव असतं. सर्जरीत नोंदवताना कोणीतरी तेच आडनावाच्या रकान्यात घालतं. मग 'देशपांडे' विचारत आलेल्या काकूंची पिशवी 'विलास' म्हणून व्हीच्या फळीवर पडलेली असते. आम्ही पत्ता आणि पोस्टकोड विचारतो तो यासाठीच, चिडू नका. आणि सर्जरीतून नावाची नोंद नीट करून घ्या.

ग्लासगोचा_गारठा

आमच्याकडे स्कॉटलंडमध्ये २०११ पासून प्रिस्क्रिप्शनला पैसे पडत नाहीत. मात्र इंग्लंडचं ते ॲप इथे चालत नाही. माझं सिरियल प्रिस्क्रिप्शन आहे, ठरलेल्या अंतराने थेट फार्मसीत जायचं. सर्जरीचं तोंड बघावं लागत नाही. एवढंच.

थायरॉइडवाली

ग्लासगोकरांचा हेवा वाटला, म्हणून इंग्लंडातल्यांसाठी पैशांचं लिहिते. इथे १ मे २०२४ पासून एका औषधाला ९.९० पौंड आहेत. कागदाला नाही हं, औषधाला. तीन औषधं म्हणजे २९.७०. मी थायरॉक्सिनचे पैसे मुकाट्याने भरत होते. सर्जरीत कोणी अवाक्षर काढलं नव्हतं. शेवटी काउंटरवरच्या मुलीनेच विचारलं, "तुमच्याकडे मेडिकल एक्झेम्प्शन नाही का?" म्हणजे आजारामुळे मिळणारी औषधांच्या पैशांची माफी. थायरॉइड कमी असल्यामुळे कायम गोळी घ्यावी लागत असेल, किंवा मधुमेहाला गोळ्या-इन्सुलिन असेल, तर एफपी९२ए फॉर्म सर्जरीतून भरून घ्यायचा. सर्टिफिकेट पाच वर्षं चालतं आणि त्यात सगळीच औषधं फुकट, अगदी दातदुखीचं अँटिबायोटिकसुद्धा. नुसत्या पथ्यावर असलेल्या मधुमेहाला ही सवलत नाही. मुदत मात्र लक्षात ठेवा. संपलेल्या सर्टिफिकेटवर 'मला माफ आहे' अशी खूण केली तर मूळ रकमेवर शंभर पौंडांपर्यंत दंड येतो.

रक्तदाब, कोलेस्टेरॉल या यादीत नाहीत, हा मला शुद्ध अन्याय वाटतो. माझ्या नवऱ्याने त्यासाठी वर्षाचं प्रीपेमेंट सर्टिफिकेट (वर्षभराच्या औषधांचे ठरावीक पैसे) काढलंय, ११४.५० पौंडांचं, हप्त्यांनी. वर्षाला बारा किंवा जास्त औषधं होत असतील तर ते परवडतं. साठी ओलांडली की सगळंच माफ.

मुक्काम_पोस्ट_रेडिंग

भारतात जाताना ॲप नेमकं दगा देतं. लवकर मागवायला गेलं की 'अजून वेळ आहे' म्हणून अडवतं. सर्जरीला प्रवासाच्या तारखा लिहून कळवल्या की आमच्याकडे जास्तीच्या गोळ्या मिळतात, पण हे प्रत्येक सर्जरीवर आहे. नाताळ आणि ईस्टरला सलग सुट्ट्या येतात, तेव्हा आधीच्या आठवड्यातच हालचाल करा.

उलट बाजू आईबाबांची. ते इकडे येतात तेव्हा पुऱ्या मुक्कामाच्या गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर असलेलीच बरी. भारतातली चिठ्ठी इथल्या फार्मसीत चालत नाही. बाबांचा मुक्काम लांबला तेव्हा सर्जरीत तात्पुरती नोंदणी केली. जीपीने, म्हणजे तिथल्या डॉक्टरांनी, बाबांच्या रक्तदाबाच्या गोळीचं 'टेल्मा एएम' हे भारतातलं नाव कधी ऐकलंच नव्हतं. स्ट्रिपच्या मागचं बारीक अक्षर वाचून टेल्मिसार्टन आणि ॲम्लोडिपिन अशा दोन वेगळ्या गोळ्या लिहून दिल्या. बाबांनी त्या रोज संशयाने बघत घेतल्या.

शनिवारची_संध्याकाळ

गोळ्या संपल्या आणि सर्जरी बंद, असं झालं तर? आईची एपिलेप्सीची गोळी आहे, चुकवून चालत नाही.

डबी_आणि_लेबल

१११ या एनएचएसच्या मदत क्रमांकाला फोन करा किंवा त्यांच्या वेबसाइटवर जा. नेहमीची औषधं असतील तर ते जवळच्या उघड्या फार्मसीकडे पाठवतात आणि फार्मसिस्टला योग्य वाटलं तर तातडीचा साठा देता येतो. जुनं पाकीट किंवा ॲपवरची यादी बरोबर न्या. नियंत्रित यादीतली (गैरवापराच्या भीतीने कायद्याने बंधनं घातलेली) बहुतेक औषधं मात्र अशी मिळत नाहीत. एपिलेप्सीतल्या फेनोबार्बिटोनला सूट आहे, पण तीही थोड्या दिवसांपुरतीच. ताई, आईंचं प्रिस्क्रिप्शन स्थिर असेल तर सर्जरीला इलेक्ट्रॉनिक रिपीट डिस्पेन्सिंगबद्दल विचारा. एकदा मंजुरी झाली की वर्षभरापर्यंत थेट फार्मसीतून घेता येतं.

आणि सगळ्यांनाच: यादीत आहे म्हणून सरसकट सगळ्यावर टिक करू नका. पिशवी काउंटरवरच उघडून बघा, नको असलेलं तिथेच परत द्या. एकदा दाराबाहेर गेलेलं पाकीट, सील न फोडता परत आणलंत तरी, आम्हाला नष्टच करावं लागतं.