राउटरचा पोर्ट एक जीबीचा, ट्रॅफिक सहाशे एमबी, तरी सीपीयू १००. का?

उद्यमनगरवाला:
मंडळी, शिवाजी उद्यमनगरात माझं इंटरनेटचं छोटं काम आहे, ३५० कनेक्शनं. राउटर चार कोरचा. रात्रीचे आठ वाजले की फोन सुरू, "दादा, नुसतं गोल फिरतंय." ट्रॅफिक जेमतेम ६०० एमबी, सीपीयू (राउटरचा प्रोसेसर) १०० टक्के. लॉगिन करायला गेलो तर पासवर्ड टाकून मिनिटभर बसायचं.
खाली मशीनशॉप, शेजारी फौंड्री. झाकण उघडलं तर हीटसिंकच्या फटींत काळी मऊ धूळ, बोटाला काजळासारखी लागते. ब्रशनं काढली. पंख्याचा आवाज बसला, सीपीयू आहे तिथंच. विकणारा म्हणतोय मोठा घ्या. गिऱ्हाईक महिन्याचे पैसे देताना रडतंय, मोठा कुठनं घेऊ?

जुना_टेलिफोनवाला:
खरेदी राहू दे. एक जीबी हा पोर्टाचा वेग. आतल्या प्रोसेसरला तेवढं झेपेल असं कुठं लिहिलंय? मोठ्या राउटरात कंट्रोल प्रोसेसरचं वेगळं कार्ड असतं. ते शेजारच्या राउटरांशी बोलतं, रूटिंग टेबल, म्हणजे कुठल्या पत्त्याचं पॅकेट कुठं धाडायचं त्याची यादी, बनवतं आणि तयार यादी लाइन कार्डावरच्या चिपांना देतं. पॅकेट पुढं ढकलायचं काम त्या चिपांचं. तुमच्या डब्यात हमाल, कारकून, मुकादम सगळं तो एकच प्रोसेसर. वर ३५० पीपीपीओई (गिऱ्हाइकांची लॉगिन करून जोडलेली कनेक्शनं), प्रत्येकाचा स्पीड आवळायचा, नॅट करायचं, म्हणजे आतले पत्ते बाहेरच्या पत्त्यात बदलायचे.
पण एक सांगा. राउटरच्या स्वतःच्या पत्त्यावर आलेलं पॅकेट मोठ्या राउटरातसुद्धा कंट्रोल प्रोसेसरकडंच जातं, म्हणून तिथं त्याच्यापुढं मर्यादा लावून ठेवतात. तुमचा ५३ नंबरचा पोर्ट, डीएनएसचा (साइटच्या नावावरून पत्ता सांगणाऱ्या सेवेचा), बाहेरून उघडा आहे का?

कळंबा_रोड:
मोठ्यांचाही दम निघतो बरं. १२ ऑगस्ट २०१४ ला इंटरनेटचं रूटिंग टेबल ५ लाख १२ हजार रूटांवर गेलं. जुन्या राउटरांच्या टीकॅम मेमरीत (रूट झटपट शोधायची खास मेमरी) तेवढीच जागा राखलेली. काहींत जागा न मिळालेल्या रूटांची पॅकेटं प्रोसेसरच्या गळ्यात पडली. जगभर ठिकठिकाणी नेट रखडलं होतं.

उद्यमनगरवाला:
दादा, उघडा होता! सेटअप करून देणाऱ्यानं टिक मारून ठेवलेली. बाहेरच्या पोर्टावरून येणारं ५३, यूडीपी आणि टीसीपी दोन्ही प्रकारचं, ड्रॉपला टाकलं, म्हणजे आल्याआल्या फेकायचं. नियमापुढचा आकडा रिक्षाच्या मीटरगत पळायला लागला. कोण कुठले लोक माझ्या डब्याला पत्ते विचारत होते! आज ८:४० ला सीपीयू ६१. फक्त एक कोर ९५ ला आहे, बाकीचे तीन पन्नाशीत.

जुना_टेलिफोनवाला:
वरून येणारी लाइन एकाच पोर्टात असेल. त्या पोर्टाचं काम त्या एका कोरला बांधलेलं असणार. सरासरीवर जाऊ नका, कोरनिहाय बघत जा. आयआरक्यूचं, म्हणजे कुठल्या पोर्टाचं काम कुठल्या कोरकडं ते दाखवणारं, पान उघडा.

उद्यमनगरवाला:
एकाच पोर्टात आहे. पण आत्ता मॅच चालू आहे, हात लावला तर लोक घरी येतील. पहाटे बघतो.