मदत हवी आहे: हार्टचं पंपिंग कमी असलेल्या आत्याला रात्री दम लागतो, झोपवायचं कसं?

नमस्कार मंडळी, आमच्या आत्याबद्दल विचारायचं आहे. वय ८१, शाळेत शिकवायची, लग्न केलं नाही, मला तिनंच वाढवलं त्यामुळे माझी आईच समजा. नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या घरी आम्ही दोघंच असतो. सहा वर्षांआधी अटॅक येऊन गेला, आता टू डी इकोत (हार्टची सोनोग्राफी) पंपिंग २५ टक्के आलं. डॉक्टर स्पष्टच बोलले की हार्ट पूर्ववत होणार नाही, त्रास कमी ठेवणं एवढंच आपल्या हातात आहे.

दिवसा खुर्चीत बसून पेपर वाचते, बाथरूमपर्यंत जाऊन आली की मात्र पाच मिनिटं बोलता येत नाही. खरा त्रास रात्री होऊन राहिला. तीन उशा लावल्या तरी दोन-अडीचला दचकून उठते, पलंगाच्या काठावर पाय सोडून बसते आणि म्हणते खिडकी उघड रे, हवाच नाही. पायात उतरलेलं पाणी आडवं झाल्यावर परत रक्तात येतं, हार्टला ते झेपत नाही आणि फुप्फुसात साचतं, असं डॉक्टरांनी समजावलं.

मागच्या आठवड्यात माझ्याकडूनच मोठी चूक झाली. नवतपा (कडक उन्हाचे नऊ दिवस) सुरू आहे, पारा ४५ ला, सगळे म्हणाले म्हाताऱ्या माणसाला ओआरएस देत जा, मी तीन दिवस दिलं. वजन दोन किलोनं वाढलं, पाय इतके सुजले की चप्पल जाईना. ओआरएसमध्ये मीठ असतं आणि मीठ पाणी धरून ठेवतं हे माझ्या डोक्यातच आलं नाही. लघवीची गोळी वाढवून दिली तेव्हा उतरलं. आता रोज सकाळी चहाच्या आधी वजन करून कालनिर्णयवर लिहितो. पापड, लोणचं, सांडगी मिरची बंद. गुडघ्यासाठी मेडिकलमधून आणायचो ती पेनकिलरही डॉक्टरांनी बंद केली, त्यानंही पाणी साचतं म्हणे.

थोडा फरक ज्यानं पडला तेही सांगतो, कोणाच्या कामी येईल. बॅटरीचा छोटा पंखा नाकातोंडासमोर वीतभर अंतरावर धरला की तिला लगेच बरं वाटतं, कूलरच्या मोठ्या झोतापेक्षाही जास्त. आणि गरम चहावर फुंकर मारतो तसा ओठ आवळून हळूहळू श्वास सोडायला सांगतो, मीही समोर बसून तसंच करतो, कारण ती घाबरली की दम अजून वाढतो. लघवीच्या गोळीचा दुसरा डोस डॉक्टरांना विचारून दुपारी चारला केला, रात्रीचं उठणं कमी झालं.

आता विचारायचं हे की घरी डोक्याकडून वर होणारा हॉस्पिटलसारखा पलंग कोणी भाड्यानं आणला आहे का, की आरामखुर्चीतच झोपवलेलं बरं? खुर्चीत झोपली की पाय लटकून सुजतात, तिची पाठही दुखते. शेजारचे काका ऑक्सिजनचं मशीन घ्या म्हणून मागे लागलेत, पण दम लागला असतानाही ऑक्सिमीटर ९५-९६ दाखवतं आणि डॉक्टर म्हणतात ऑक्सिजन कमी नसेल तर मशीनचा उपयोग नाही. पाणी दिवसाला दीड लिटरच द्यायचं आहे, या उन्हात ती पाणी मागते आणि मला नाही म्हणवत नाही, बर्फाचा छोटा खडा चघळायला देतो, अजून काही करता येतं का?

शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं. डॉक्टरांनी पॅलिएटिव्हवाल्यांना (बरा न होणाऱ्या आजारात त्रास कमी करणारे डॉक्टर) भेटा म्हटलं, दम फारच असह्य झाला तर अगदी कमी डोसमध्ये मॉर्फिन देतात म्हणाले. ते नाव ऐकून माझे हातपाय गळाले, घरी अजून कोणाला सांगितलं नाही. ज्यांनी आपल्या माणसाला घरी दिलं आहे त्यांनी कृपया लिहा, माणूस बोलतो का, ओळखतो का, की नुसता झोपून राहतो? आत्याला अजून रोज पेपर वाचायचा असतो.

रात्री दोननंतर मी जागाच असतो, कधीही लिहा.