झाडीपट्टीच्या मंडपासाठी पाच तारांचा बास: जॅझ घ्यावा की स्टिंगरे?

झाडीतला बास:

नमस्कार मंडळी. वडसा-ब्रह्मपुरी पट्ट्यात वाजवायला एक चांगला बास गिटार घ्यायचा आहे. बजेट तीन लाखांच्या आसपास. एकदाच घ्यायचा आणि वर्षानुवर्षं वापरायचा, असा हिशेब आहे.

काम असं: दिवाळीनंतर होळीपर्यंत नाटकं. रात्री सुरू होतात ते पहाटेपर्यंत, आणि सगळं बसून वाजवायचं. एप्रिलात भीमगीतांचे कार्यक्रम, मे महिन्यात लग्नाचे ऑर्केस्ट्रा. अॅम्प क्वचितच असतो, बहुतेक वेळा थेट मंडपवाल्याच्या मिक्सरमध्ये पिन जाते. लाइन कधी गावची, कधी जनरेटरची.

नजरेत तीन आहेत, तिन्ही पाच तारांचे: फेंडर अमेरिकन प्रोफेशनल टू जॅझ, फेंडर अमेरिकन अल्ट्रा जॅझ आणि म्युझिक मॅन स्टिंगरे स्पेशल. काही जण म्हणून राहिले की चार तारा पुरतात, पाचवी शोभेची. काही म्हणतात खेड्यात अॅक्टिव्ह बास (ज्यात सेलवर चालणारा प्रीअॅम्प, म्हणजे आवाज वाढवणारं सर्किट असतं) नकोच. आपल्याकडच्या उन्हात नेकचं (बासच्या दांड्याचं) काय होतं हेही सांगा. दुकान नागपूरपेक्षा जवळ नाही, त्यामुळे तिथे गेल्यावर नेमकं काय तपासायचं?

खर्ज:

भाऊ, आधी पाचव्या तारेचा प्रश्न मिटवू, कारण त्यावरच बाकी सगळं आहे.

नाटकाच्या गाण्याची पट्टी गायक ठरवतो, आपण नाही. चार तारांच्या बासवर सर्वांत खालचा सूर म्हणजे मोकळी ई तार, म्हणजे पांढरी तीन. गायकाने काळी दोन लावली की तुमचा सा बरोबर अर्ध्या सुराने बासच्या खाली जातो. मग तो ए तारेच्या सहाव्या फ्रेटवर (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्टीवर) घ्यावा लागतो, म्हणजे एक सप्तक वर. काळी एकला तोच सा ए तारेच्या चौथ्या फ्रेटवर. गाणं बरोबर वाजतं, पण खालचा आधार निघून जातो, आणि समेवर तेच जाणवतं. पाच तारांवर काळी एकचा सा बी तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर, पांढरी दोनचा तिसऱ्यावर, काळी दोनचा चौथ्यावर. या तीन पट्ट्या पुरुष गायकांत रोजच्या आहेत.

दुसरा फायदा याहून मोठा. ऐन वेळी गायक म्हणतो, 'आज गळा बसला, अर्धा सूर खाली घ्या.' मोकळ्या तारा न वापरता पूर्ण पॅटर्न बोटांखाली बसवलेला असेल तर हात एक फ्रेट डावीकडे सरकवला की झालं. चार तारांवर पहिल्या-दुसऱ्या फ्रेटजवळ असलात तर सरकायला जागाच उरत नाही.

ज्यांना चार ताराच हव्यात त्यांच्यासाठी हिपशॉटचं एक्सटेंडर येतं. ई तारेच्या खुंटीच्या जागी बसतं आणि कळ दाबली की तार डीपर्यंत, म्हणजे पांढरी दोनपर्यंत, उतरते. पण काळी एक तिथेही मिळत नाही. तुमच्या कामाला पाच ताराच घ्या.

एक अट मात्र पाळा. स्टिंगरेच्या पाच तारीत ब्रिजवर (तारा खाली टेकतात तिथे) दोन तारांमधलं अंतर साधारण १७.५ मिमी आहे. चार तारांच्या जॅझवर हात बसलेला असेल तर ते अरुंद वाटेल. बोटांनी सरळ वाजवणाऱ्याला आठवड्याभरात सवय होते. स्लॅप करणाऱ्याने (अंगठ्याने तार आपटून वाजवणाऱ्याने) मात्र हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

मंडप साउंड:

मिक्सरकडच्या बाजूने सांगतो. अॅक्टिव्ह नकोच म्हणणाऱ्यांना भीती सेलची असते, आणि ती अर्धीच खरी आहे. खेड्यात बासचा आवाज बिघडतो तो बहुतेक वेळा दुसऱ्याच दोन कारणांनी.

पहिलं, पिन कुठे लावली. पॅसिव्ह, म्हणजे सेल नसलेल्या, बासला पुढे १ मेगाओमच्या आसपासचा इनपुट लागतो. मिक्सरच्या लाइन इनपुटला तो १०-२० किलोओमच असतो. पॅसिव्ह जॅझ थेट तिथे लावला की पिकअपवर (तारेचा कंप उचलणाऱ्या चुंबकी कॉइलवर) भार पडतो, वरचे सूर मरतात आणि नुसतं घुमणं उरतं. मग बासवाला ट्रेबल मागतो, साउंडवाला वाढवतो आणि स्पीकरमधून फक्त सुसू येते. अॅक्टिव्ह बासचा प्रीअॅम्प हा भार सहज उचलतो. म्हणून तुमच्यासारख्या थेट मिक्सरवाल्याला अॅक्टिव्ह खरं तर जास्त सोयीचा. तरी बजेटमधून एका चांगल्या डीआय बॉक्सचे (बासचा सिग्नल मिक्सरला जुळवणाऱ्या डबीचे) पैसे आधीच बाजूला काढा. पॅसिव्ह बासला अॅक्टिव्ह डीआय लागतो, तो ४८ व्होल्ट फँटमवर (मिक्सरमधून केबलवाटे येणाऱ्या विजेवर) किंवा सेलवर चालतो. अॅक्टिव्ह बासला ट्रान्सफॉर्मरवाला पॅसिव्ह डीआय पुरतो, आणि त्यात बिघडण्यासारखं फारसं काही नसतं.

दुसरं कारण, लो-कट, म्हणजे खालचे सूर कापणारं बटण. छोट्या मिक्सरवर प्रत्येक चॅनलला ८० किंवा १०० हर्ट्झचं बटण असतं. माइकसाठी ते दाबलेलं असतं आणि बासच्या चॅनलवर तसंच राहून जातं. तुमची ई तार ४१ हर्ट्झची, बी तार ३१ हर्ट्झची. बटण दाबलेलं असेल तर लाखाचा बास आणि दहा हजारांचा बास सारखेच ऐकू येतील. पिन लावायच्या आधी ते बटण बघा.

बी तारेबद्दल खरं सांगायचं तर मंडपातले १८ इंची स्पीकरचे डबे ४० हर्ट्झच्या खाली फारसं काढत नाहीत. ऐकू येतो तो तिचा दुसरा हार्मोनिक (मूळ सुराच्या दुप्पट कंपनाचा), ६२ हर्ट्झचा. कान त्यावरून खालचा सूर भरून काढतो. त्यामुळे बासवर बेस वाढवू नका, नुसते अॅम्प्लिफायर तापतात आणि ढोलकीचा घुमाराही झाकला जातो. उलट १०० हर्ट्झच्या आसपास थोडं कमी करा, ७०० ते ८०० हर्ट्झला थोडं वाढवा. मागच्या रांगेत भोंग्यावरसुद्धा सूर कळतो.

आता घुरघुर. जुन्या घडणीच्या जॅझला दोन सिंगल कॉइल पिकअप असतात. दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण असतील तर घुरघुर एकमेकांना मारते, एक जरा कमी केला की परत येते. स्टेजच्या दिव्यांचे डिमर आणि जनरेटर असताना प्रोफेशनल टूमध्ये हे ऐकू येणारच. अल्ट्राचे पिकअप नॉइजलेस आहेत आणि स्टिंगरेचा हंबकर (घुरघुर मारणारा दोन कॉइलचा पिकअप) आहे, म्हणून दोन्ही शांत. या एका कारणासाठी मी प्रोफेशनल टू यादीतून काढीन.

आणि कृपा करून हे वाचाच. बासच्या तारा ब्रिजमधून ग्राउंडला जोडलेल्या असतात. मंडपात अर्थिंग नसेल आणि कुठल्या तरी उपकरणाच्या बॉडीत करंट उतरला असेल, तर तारा हातात आणि ओठ माइकला लागले की झटका बसतो, तो जिवावरही बेतू शकतो. कार्यक्रमाआधी मल्टीमीटर एसी व्होल्टवर ठेवा, एक टोक तारेला, दुसरं माइकच्या जाळीला. १-२ व्होल्ट दिसले तर हरकत नाही. त्याहून जास्त दिसले तर लाइन दुरुस्त होईपर्यंत बास हातात घेऊ नका. घुरघुर जावी म्हणून प्लगची अर्थची पिन कधीही तोडू नका, त्यासाठी डीआयवर ग्राउंड लिफ्टचं बटण दिलेलं असतं.

फ्रेटकाम:

मंडप साउंड यांनी प्रोफेशनल टू काढला, ते मला पटतं. आता नेक.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर आणि हवा कोरडी ठाक, जुलैत तीच हवा ओली चिंब. लाकूड आर्द्रतेने आडवं आकसतं-फुगतं, फ्रेटची तार तशीच राहते. म्हणून उन्हाळ्यात नेकच्या कडेवरून हात फिरवला की फ्रेटची टोकं बोटाला टोचतात. कोरड्यात बहुतेक नेक सरळ होतात किंवा मागे झुकतात, पहिल्या चार-पाच फ्रेटवर तारा खरखरतात. पावसाळ्यात उलट, बाक वाढतो आणि तारा उंच होतात. कुठलाच ब्रँड याला अपवाद नाही, फरक फक्त किती हलतो याचा. फेंडरच्या दोन्ही मॉडेलच्या नेकमध्ये ग्रॅफाइटच्या कांड्या आहेत. स्टिंगरे स्पेशलचा नेक भाजलेल्या मेपलचा आहे. भाजल्यावर लाकडातला ओलावा उडतो आणि ते हवेतला ओलावा कमी ओढतं. दोन्ही उपाय चांगले आहेत. मात्र स्टिंगरेच्या नेकवर लॅकर नाही, तेल आणि मेण आहे. हाताला फार गोड लागतं, पण घाम आणि मळ शोषतं. दर कार्यक्रमानंतर कोरड्या सुती कापडाने पुसायलाच हवं.

सगळ्यात वाईट म्हणजे कुलर. दिवसा कुलरच्या खोलीत ओलावा, संध्याकाळी बंद केला की पुन्हा कोरडं, असा रोजचा हेलकावा नेकला मोसमापेक्षा जास्त थकवतो. बास नेहमी हार्ड केसमध्ये ठेवा, आत ४९ टक्क्यांचं आर्द्रता पाकीट आणि छोटा हायग्रोमीटर. मे महिन्यात बंद गाडीत केस सोडून जाऊ नका.

ट्रस रॉड (नेकचा बाक कमी-जास्त करणारी आतली सळई) वर्षातून दोनदा बघावा लागेल, एप्रिलच्या मध्यात आणि जुलैत. तार सुरात लावून पहिला फ्रेट आणि शेवटचा फ्रेट दाबा. सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांत ०.३० मिमी फट हवी. यासाठी खास हत्यार लागत नाही. ट्रॅक्टर मेकॅनिक टॅपेट सेट करायला जे फिलर गेज वापरतात त्यातलं ०.३० चं पान घ्या. पान अडकत न जाता हलकं घासत गेलं पाहिजे. रॉड घट्ट केला की बाक कमी होतो, सैल केला की वाढतो. एका वेळी आठवा हिस्सा फेरा, त्याहून जास्त नाही. मग पुन्हा सुरात लावून काही तास थांबा आणि परत मोजा. स्टिंगरेला नेकच्या बुडाशी, पिकअपकडच्या बाजूला, उघडं चाक आहे, साधा पातळ स्क्रू ड्रायव्हर घालून फिरतं. खेड्यात ही फार मोठी सोय आहे. फेंडरला हेडस्टॉककडून (खुंट्यांच्या टोकाकडून) अॅलन की लागते आणि ती इंची मापाची. जवळपासची मिमीची चावी घातली की आतला षटकोन गोल होतो, आणि ती दुरुस्ती महाग पडते. बासबरोबर आलेली चावी केसमधून कधीच बाहेर काढून ठेवू नका.

बाक बसला की मगच तारांची उंची. सतराव्या फ्रेटवर जाड बाजूला २.४ मिमी, बारीक बाजूला २ मिमी ही सुरुवात. बी तार जोरात वाजवत असाल तर तिला थोडी अजून उंची द्या. हा क्रम उलटा केला की दोन्ही कामं परत करावी लागतात.

नागपूरला गेलात की अॅम्पशिवाय सुरुवात करा. बी तारेच्या पाचव्या फ्रेटवरचा ई आणि मोकळ्या ई तारेचा ई आलटून पालटून वाजवा. दोन्ही जवळपास सारखे टिकले पाहिजेत. बीवरचा ई लवकर विझत असेल तर तो नग सोडा, नावावर जाऊ नका. मग ट्यूनर लावून मोकळी बी जोरात छेडा. काटा बराच वर जाऊन हळूहळू खाली येत असेल तर तार ढिली आहे किंवा नेक मऊ. नंतर 'जी' (सर्वांत बारीक) तार चौथ्यापासून नवव्या फ्रेटपर्यंत एकेक करून. बोल्ट-ऑन (नेक स्क्रूने जोडलेल्या) बासमध्ये तिथे मेलेली जागा सापडते, सूर 'टप्प' करून बसतो. एकाच मॉडेलच्या दोन नगांतही हा फरक असतो, म्हणून शक्य असेल तर दोन नग मागवून घ्या. शेवटी पट्टा लावून खुर्चीवर बसा आणि डावा हात सोडा. नेक खाली गेला तर रात्रभर डाव्या हाताला तो तोलत बसावं लागेल.

झाडीतला बास:

सगळ्यांचे मनापासून आभार. म्हणजे अल्ट्रा आणि स्टिंगरे उरले. सेलचं अजून पक्कं कळलं नाही, आणि कोणी तरी सॅडोव्स्की कंपनीच्या बासबद्दलही सांगा. थंडीच्या रात्री सूर हलतो त्याचं काय करायचं?

खर्ज:

सॅडोव्स्कीची मेट्रोलाइन २०२० पासून जर्मनीत वॉरविककडे बनते. बॉडी जरा आटोपशीर, बसून वाजवायला उत्तम, आणि प्रीअॅम्प बायपास करता येतो. पण इथे येईपर्यंत तुमच्या बजेटबाहेर जाईल. तेवढ्यासाठी कर्ज काढू नका.

सेलबद्दल: अल्ट्रा आणि स्टिंगरे स्पेशल दोन्ही १८ व्होल्टवर चालतात, म्हणजे ९ व्होल्टचे दोन सेल. फरक असा की अल्ट्राला अॅक्टिव्ह-पॅसिव्ह बटण आहे. तिसऱ्या अंकात सेल मेला तरी बटण पाडा, टोनसकट आवाज चालू. स्टिंगरेमध्ये पॅसिव्ह वाटच नाही, सेल गेला की आवाज गेला. म्हणून तुमच्या कामाला माझं मत अल्ट्राला. फ्रेटकाम यांच्या नेकच्या मुद्द्यावर स्टिंगरे पुढे आहे हे मान्य, पण नेक दोन दिवस आधी इशारा देतो, सेल देत नाही.

फ्रेटकाम:

सेलही देतो, मोजला तर. नवा अल्कलाइन ९.३ च्या वर दाखवतो. ८ वर आला की दोन्ही एकदमच बदला, एक नवा एक जुना ठेवू नका. केबल बासमध्ये खोचलेली असेपर्यंत प्रीअॅम्प चालू राहतो, वाजवत नसलात तरी. अंक संपला की पिन काढा, पण आधी साउंडवाल्याला चॅनल म्यूट करायला सांगा. एवढं पाळलं तर सेल पूर्ण मोसम निघतात. ज्याच्याकडून हे पाळलं जाईल त्याने बिनधास्त स्टिंगरे घ्यावा. ज्याच्याकडून होणार नाही त्याने अल्ट्रा.

थंडीचं असं: पोलादी तार गारठली की आकसते आणि सूर चढतो, हाताच्या आणि दिव्यांच्या उबेने उतरतो. केस उघडून वीस मिनिटं बास बाहेर राहू द्या, दहा मिनिटं वाजवा, मग सुरात लावा. दर अंकाआधी पुन्हा बघा. पहाटे दव पडतं तेव्हा केसमध्ये घालण्यापूर्वी तारा खालूनसुद्धा पुसा, गंज खालच्या बाजूने धरतो. तारा निकेलच्या, ४५ ते १३० चा संच (जाडी इंचाच्या हजाराव्या भागात) घ्या, आणि नवीन संच लावल्यावर बाक परत मोजा. जाडी बदलली की ताण बदलतो आणि ०.३० चं पान पुन्हा काढावं लागतं.