सल्ला हवाय: लक्ष्मीनगर ते गुरुग्राम, राजीव चौक टाळून जाता येईल का?

लष्करची_लेक

मंडळी, नमस्कार. मी ग्वाल्हेरच्या दौलतगंजची. जूनपासून गुरुग्रामला नोकरी करते आणि दिल्लीत लक्ष्मीनगरला दोन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहते. त्या दोघी सीए करतात, त्यांचे क्लास तिथेच आहेत, म्हणून खोली तिथे. माझा रोजचा रस्ता असा: लक्ष्मीनगरहून मेट्रोची ब्लू लाइन, राजीव चौकात गाडी बदलून यलो लाइन, सिकंदरपूरला उतरून रॅपिड मेट्रो. सकाळी आठला निघाले तर साडेनऊला कशीबशी पोचते. नऊ चाळीस झाले की ऑफिसात अर्धी रजा लागते, त्यामुळे समोरची गाडी सोडायची हिंमत होत नाही.

राजीव चौक ज्यांनी सकाळचा पाहिलाय त्यांना काय सांगायचं. पण घरी आईबाबांना कितीही सांगितलं तरी कळत नाही. त्यांना वाटतं, एसी गाडी आहे, चकचकीत आहे, त्रास कसला? दार उघडलं की आपण उतरतच नाही, मागचे लोक आपल्याला उतरवतात. जिन्यावर पुढच्या बाईच्या टाचेवर आपला अंगठा आणि आपल्या टाचेवर मागचीचा. यलो लाइनच्या फलाटावर उतरणाऱ्यांसाठी आणि चढणाऱ्यांसाठी बाण रंगवलेत, लोक रांगाही लावतात, पण गाडी आली की ते बाण कुणाला दिसत नाहीत. महिलांच्या डब्याशिवाय दुसऱ्या डब्यात चढणं मी दुसऱ्याच आठवड्यात सोडलं. का, ते इथल्या बायकांना सांगायला नको.

गेल्या मंगळवारी मी आत ढकलली गेले आणि डब्याची पिशवी दारातच अडकली. दार दोनदा मिटलं, दोनदा उघडलं. पिशवी ओढून घेतली तेव्हा झाकण सुटलं आणि आमटी शेजारच्या मुलीच्या पांढऱ्या कुर्त्यावर सांडली. मी माफी मागत होते, ती काहीच बोलली नाही. पुसायला हात वर घेण्याइतकीही जागा तिला नव्हती. पुढे जोरबागच्या आसपास मला डोळ्यांपुढे अंधारी आली. एम्सला दोघींनी धरून उतरवलं, बाकावर बसवलं. एक जण तर आपल्या दोन गाड्या सोडून माझ्याजवळ थांबली, बाटलीतलं पाणी दिलं. तिचं नावही विचारायचं राहिलं.

आता पाच दिवसांसाठी घरी आलेय. आई म्हणते, सोड ती नोकरी, इथे सिटी सेंटरला काहीतरी मिळेल. बाबा काहीच बोलत नाहीत, आणि त्याचाच जास्त त्रास होतो. नोकरी मला आवडते, सोडायची नाही. रविवारी रात्री परत जायचंय. तेव्हा विचारायचं एवढंच: राजीव चौक टाळून जायचा रस्ता आहे का? फेरा पडला तर तिकीट वाढतं का? की खोलीच बदलावी?

थाटीपूरवाला

गुरुग्रामलाच खोली घे. बाकी सगळे उपाय तात्पुरते.

लष्करची_लेक

दादा, ऑफिसच्या जवळ भाडं विचारून आलेय, माझ्या पगारात बसत नाही. शिवाय लक्ष्मीनगरच्या खोलीचा करार मार्चपर्यंत आहे.

मुरारची_सून

अगं, तुझं वाचून मला माझीच सकाळ आठवली. लग्नाआधी 9 वर्षं मी दिल्लीत काढली. त्यातली 4 लक्ष्मीनगरला, आणि ऑफिस तुझ्यासारखंच सिकंदरपूरच्या पुढे. त्यामुळे नीट सांगते, जरा लांबेल.

आधी तिकिटाचं, म्हणजे मनावरचं ओझं जाईल. मेट्रोचं भाडं आत कुठे शिरलीस आणि बाहेर कुठे पडलीस यावर लागतं. मधे कुठल्या लाइन बदलल्यास हे त्या फाटकाला कळतच नाही. बिनधास्त फेरा घाल. कार्ड असेलच, त्यावर 10 टक्के सवलत मिळते. नसेल तर आजच काढ. रोजच्या माणसानं तिकिटाच्या रांगेत उभं राहू नये.

आता रस्ता. राजीव चौकाच्या दोन स्टेशनं आधी मंडी हाऊस येतं. तिथे उतरायचं आणि व्हायोलेट लाइन धरायची, केंद्रीय सचिवालयाच्या दिशेची. मधे फक्त जनपथ. केंद्रीय सचिवालयाला यलो लाइन मिळते. तू म्हणशील, ताई, ती गाडी तर राजीव चौकातूनच भरून येणार! येते. पण सचिवालयाला निम्मे सरकारी नोकर उतरतात. राजीव चौकात शंभर लोकांशी झुंजून जी जागा मिळते, ती इथे दार रिकामं होताना आपसूक मिळते. एक बदल जास्त होतो, पण राजीव चौकात तुझ्या जशा गाड्या सुटतात तशा इथे सुटत नाहीत, म्हणून हिशेब जवळपास सारखाच पडतो. मला दहा-बारा मिनिटं जास्त लागायची. ती दहा मिनिटं मी झोपेतून काढली.

दुसरा रस्ता त्याहून निवांत, पण लांब. मंडी हाऊसलाच व्हायोलेट धरून सरळ कालकाजी मंदिर. तिथून मॅजेंटा लाइन, पाचवं स्टेशन हौज खास, आणि हौज खासला यलो. हौज खासचं मॅजेंटाचं स्टेशन जमिनीखाली 29 मीटरवर आहे, म्हणजे वर यायला सरकते जिने संपता संपत नाहीत. पायांत त्राण नसेल त्या दिवशी हा रस्ता नको. पण लिफ्ट आहे, लाजू नकोस.

यलो लाइनला एक लक्षात ठेव. प्रत्येक गाडी गुरुग्रामपर्यंत जात नाही. काही कुतुबमिनारलाच संपतात आणि सगळ्यांना खाली उतरवतात. मग पुढची गाडी येते ती गच्च. चढण्याआधी फलाटावरच्या पाटीवर शेवटचं स्टेशन वाच. घाईत मी दोनदा फसलेय.

आणि रागवू नकोस, पण विचारते: सकाळी काय खाऊन निघतेस? भोवळ गर्दीनं येते, तशी रिकाम्या पोटीही येते. मूठभर दाणे-गूळ, एक केळं, काहीही, पण तोंडात घातल्याशिवाय दाराबाहेर पाऊल टाकायचं नाही. आणि डोळ्यांपुढे काजवे दिसायला लागले की सहन करत उभं राहायचं नाही. मोठ्यानं सांगायचं, 'मुझे चक्कर आ रहा है'. बायका जागा देतात, अगदी देतात. पुढच्या स्टेशनावर उतर आणि बाकावर बैस. डब्यात बटण असतं, त्यावर ड्रायव्हरशी बोलता येतं. मेट्रोची हेल्पलाइन 155370, फोनमध्ये घालून ठेव.

अर्धी रजा गेली तर जाऊ दे. ते ऑफिस तुझ्यासाठी एम्सच्या बाकाशी यायचं नाही.

जीवाजीगंज_काका

मुली, मी मेट्रोत फार बसलेलो नाही, पण गर्दीची नोकरी 31 वर्षं केली. ग्वाल्हेरहून जौरा, पुढे सबलगड, आपल्या छोट्या रेल्वेनं. दोन फुटी रूळ, श्योपूरपर्यंत सुमारे 200 किलोमीटर. 2020 मध्ये ती बंद झाली. टपावर माणसं बसायची, डब्यात बसायला जागा नाही म्हणून. मीही बसलोय, धुरकट तोंडानं शाळेत जाऊन पोरांना गणित शिकवलंय. त्या गर्दीत ओळखी होत्या. जौऱ्याचा दूधवाला माझी पिशवी धरायचा, मी त्याच्या मुलाचा फॉर्म भरायचो.

तुझ्या पोस्टमध्ये मला सगळ्यात जवळची वाटली ती पाण्याची बाटली देणारी. रोज एकाच वेळी, एकाच दाराशी उभी राहा. पंधरा दिवसांत दोन-चार चेहरे ओळखीचे होतील. एकटीनं दबणं आणि चौघींत दबणं यात फार फरक आहे. आणि बाबा बोलत नाहीत म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस. माझी मुलगी पुण्याला गेली तेव्हा मीही बोलायचो नाही. रात्री तिच्या गाड्यांचं वेळापत्रक बघत बसायचो.

हजीरा_ते_मुखर्जीनगर

ताई, मी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो, जीटीबी नगर स्टेशन माझं. वेळेबद्दल सांगतो. यलो लाइनवर सात वाजता आणि आठ वाजता ही दोन वेगळी शहरं आहेत. तू सव्वासातला लक्ष्मीनगर सोडलंस तर राजीव चौकसुद्धा माणसासारखा पार होतो. ऑफिसला पाऊण तास आधी पोचशील, कॅंटीनमध्ये बसून चहा आणि नाश्ता तिथेच कर. सकाळी बॅग तपासणीची रांगही छोटी असते. संध्याकाळी मात्र उलटं कर, साडेसहाला निघू नकोस, आठपर्यंत थांबता आलं तर थांब.

मुरारची_सून

बाळा, मुलीला रात्री आठला निघ म्हणणं सोपं आहे. लक्ष्मीनगर स्टेशनपासून खोलीपर्यंतची गल्लीही मोजावी लागते. सकाळचं तुझं पटलं, संध्याकाळचं नाही.

हजीरा_ते_मुखर्जीनगर

खरंय ताई. तो विचार मी केला नव्हता.

पडाव_स्टेशन

एक छोटी गोष्ट, ग्वाल्हेरहून परतणाऱ्यांसाठी. तुमची गाडी निजामुद्दीनला थांबत असेल तर नवी दिल्लीपर्यंत जाऊ नका. निजामुद्दीनला पिंक लाइनचं स्टेशन आहे. सामान घेऊन सोमवारी सकाळी राजीव चौकात शिरणं म्हणजे स्वतःलाही त्रास आणि दुसऱ्यांनाही. पिंक लाइन 2021 मध्ये त्रिलोकपुरीजवळ जोडली गेली, तेव्हापासून निजामुद्दीनहून कडकडडूमापर्यंत एकच गाडी जाते. तिथे ब्लू लाइन, लक्ष्मीनगर तिसरं स्टेशन. आईनं दिलेले लाडवाचे डबे शाबूत पोचतात.

लष्करची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. आज 9 दिवसांनी लिहितेय, सगळं करून बघितल्यावर.

निजामुद्दीनची पिंक लाइन फार उपयोगी पडली, मोठी बॅग असूनही मला बसायला जागा मिळाली.

सोमवारी सव्वासातला निघाले. राजीव चौकात पाय जमिनीला लागले, एवढं म्हणता येईल. पण पहाटे उठून रात्री अकरापर्यंत जागं राहायला तीन दिवसांनी जमेना. गुरुवारपासून मंडी हाऊस धरलं. ताई, अगदी तुम्ही सांगितलं तसंच झालं. सचिवालयाला दार उघडलं, आतून लोक उतरतच राहिले, आणि मी कुणालाही न ढकलता आत गेले. खांबाजवळ उभी राहिले. दोन्ही पाय जमिनीवर, एक हात रिकामा. त्या हातानं घरी फोन लावला आणि आईला म्हटलं, ऐक, मी गाडीतून बोलतेय. तिनं मागे चाललेली अनाउन्समेंट ऐकली, 'अगला स्टेशन जोरबाग', आणि विचारलं, जोरबाग म्हणजे तेच का गं? हो म्हटलं, तेच. मग गाडी पुढे एम्सला पोचेपर्यंत तिनं फोन ठेवला नाही.

शुक्रवारी मात्र फसले. व्हायोलेट लाइनची गाडी मधेच थांबली आणि नऊ पन्नास झाले. अर्धी रजा लागली. रडू आलं, पण भोवळ नाही आली, कारण पोटात दोन लाडू होते.

काका, तुम्ही म्हणालात तसं रोज एकाच दाराशी उभी राहते. एक फरिदाबादची नर्स आहे, एम्सला उतरते. तिनं काल माझी पिशवी धरली. त्या दिवशी पाणी देणारी मुलगी अजून दिसली नाही. दिसली तर तिला दाण्याचा लाडू द्यायचा म्हणून रोज एक जास्तीचा घेऊन निघते.

तरीही दिवसाचे साडेतीन तास गाडीत जातात, हे खरं. करार संपला की खोली बदलावी असं ठरतंय. ताई, तुम्ही लक्ष्मीनगरनंतर कुठे राहिलात?

मुरारची_सून

घिटोर्नीला. तिथून सिकंदरपूर तिसरं स्टेशन, उभं राहूनही कंबर दुखत नाही. सुलतानपूर, छतरपूरही बघ. गुरुग्रामच्या ऑफिसांतल्या कितीतरी मुली त्या पट्ट्यात राहतात, आणि भाडं गुरुग्रामइतकं नाही. खोली स्टेशनच्या कोणत्या बाजूला आहे ते बघ. मोठा रस्ता ओलांडून, शेतघरांच्या भिंतींच्या कडेनं आत जावं लागत असेल तर घेऊ नकोस, कितीही स्वस्त असली तरी. मी जिथे राहायचे तिथल्या घरमालकीणबाई अजून आहेत, बोलू का त्यांच्याशी?

लष्करची_लेक

बोला ना ताई, नक्की बोला! शनिवारी जाऊन बघून येते.

मुरारची_सून

बोलले. मार्चमध्ये मागची खोली रिकामी होतेय. पत्ता तुला वेगळा पाठवलाय. शनिवारी गेलीस की सकाळी सातच्या आत पोच आणि नळ उघडून बघ. त्या भागात पाणी सातनंतर जातं.