इसबासाठी स्टेम सेलचं इंजेक्शन : साडेतीन लाख भरावेत का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

धाकट्या भावाला (वय २६) लहानपणापासून इसब आहे. कोपर-गुडघ्यांच्या खोबणी, मान, आता पापण्यासुद्धा. स्टिरॉइडची मलमं झाली. सायक्लोस्पोरिनने (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) बराच फरक पडला, पण रक्तदाब वाढायला लागला म्हणून डॉक्टरांनी बंद केलं. ड्युपिलुमॅब या इसबावरच्या इंजेक्शनचा खर्च आम्हाला झेपणारा नाही. रात्री झोपेत खाजवतो. आई रोज सकाळी रक्ताचे ठिपके पडलेली चादर भिजत घालते, बोलत काही नाही.

गेल्या आठवड्यात एका क्लिनिकने (नाव लिहीत नाही) स्टेम सेलच्या इंजेक्शनचे साडेतीन लाख सांगितले. "चाचणीत सिद्ध झालंय" म्हणत दक्षिण कोरियातला २०१७चा पेपर हातात ठेवला. शब्दकोश घेऊन वाचला. नाळेच्या रक्तातल्या मेसेन्कायमल पेशी (स्टेम सेलचाच एक प्रकार), त्वचेखाली एकदाच टोचलेल्या. ३४ प्रौढ रुग्ण, १२ आठवडे देखरेख. जास्त डोसवाल्या ११ पैकी ६ जणांचा इसबाचा स्कोर किमान निम्म्याने उतरला, गंभीर दुष्परिणाम नाहीत. भाऊ त्या 'अकरात सहा'वरच अडकलाय.

एवढ्यावर विश्वास ठेवावा का? आणि चाचणीत भाग घेणाऱ्यानेच पैसे भरायचे असतात का?

कोरा_चहा : ताई, पैसे अजिबात भरू नका. पेपर खरा आहे, पण ती पहिल्या-दुसऱ्या टप्प्याची चाचणी. मुख्य प्रश्न सुरक्षिततेचा होता, तुलनेला प्लासिबोचा (औषध नसलेलं, नुसतं दिसायला तसंच इंजेक्शन) गट नव्हता. इसब तर आपोआपही चढतं-उतरतं. त्याच पेशींची तिसऱ्या टप्प्याची चाचणी प्लासिबोसमोर झाली, तिचा निकाल २०१९मध्ये आला आणि अपेक्षित फरक दिसला नाही. हे क्लिनिकवाले बरे सांगतील!

आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार असे प्रयोग फक्त मंजूर चाचणीतच करता येतात आणि रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. सीटीआरआयचा (भारतातल्या चाचण्यांची सरकारी नोंदवही) नोंदणी क्रमांक आणि एथिक्स कमिटीच्या मंजुरीचं पत्र मागा. क्रमांक सीटीआरआयच्या साइटवर स्वतः टाकून बघा. दरम्यान त्वचारोगतज्ज्ञांना मेथोट्रेक्सेट आणि जॅक इन्हिबिटर गोळ्यांबद्दल (दोन्ही प्रतिकारशक्तीवर काम करणारी औषधं) विचारा, तपासण्या लागतील.

धागाकर्ती : आभार. आजच फोन केला. "नंबर प्रोसिजर झाल्यावर फाइलमध्ये मिळेल" म्हणाले. भावाला अजून सांगितलं नाहीये. त्याने ऑफिसात रजासुद्धा टाकलीय.